परक्याच्या दिव्यावर काढलेलें छायाचित्र

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडे छायाचित्रणाचा छंद फार वाढला आहे. पूर्वी शाळेच्या क्रीडामहोत्सवास एखादा धंदेवाईक छायाचित्रकार आपलें तिकाटणें घेऊन येई, बक्षीससमारंभाचें एक आणि संघांचीं दोन-तीन अशीं चित्रें काढी, आणि तेवढ्यावर सर्वांचें समाधान होई. आतां वरच्या वर्गांतील पांच-सहा मुलामुलींच्या गळ्यांत कॅमेरे दिसतात, आणि पालकांपैकींही कित्येकजण चांगलीं यंत्रें बाळगून असतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु बंदिस्त क्रीडागृहांत, जेथें उजेड अपुरा आणि दिवे दुसऱ्याचे, तेथें छायाचित्रकारानें कसें वागावें, हें यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत लिहिलेलें नसतें. तो विषय मीं आज घेतला आहे. आरंभीं थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. कारण येथला शिष्टाचार शास्त्रावांचून नुसता पाठ केला, तर ऐन वेळीं तो आठवत नाहीं. हें मी अनुभवानें सांगत आहें, व तो अनुभवही पुढें येईल.

आपल्या सोलापुरांत पार्क मैदानावर दुपारच्या उन्हांत क्रिकेटचा सामना चालू असतां शंभर जणांनीं छायाचित्रें काढलीं, तरी सूर्याचें कांहीं कमी होत नाहीं. सिद्धेश्वराच्या गड्ड्यांत होम मैदानावर शोभेचें दारूकाम होतें, तेव्हां आकाशांत फुटलेल्या एका बाणाचा उजेड हजारों तोंडांवर सारखाच पडतो. शेजाऱ्यानें त्याचें चित्र घेतलें म्हणून माझ्या वांट्याचा उजेड उणा होत नाहीं. दिव्यानें दिवा लावला तर पहिला दिवा मंदावत नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि तें खरेंही आहे. त्यामुळें प्रकाश ही वस्तु सर्वांची, ती वापरण्यास कोणाची परवानगी कशाला हवी, अशी आपली समजूत सहज होते. क्रीडागृहाच्या आंत पाऊल टाकलें कीं ही समजूत लंगडी पडते.

तेथें डोळ्यास सर्व लख्ख दिसतें. परंतु डोळा हा फार मायाळू साक्षीदार आहे. शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडागृहांतील उजेड भर दुपारच्या उन्हाच्या दोनशेंव्या भागाइतकाही बहुधा नसतो. आतां गणित करून पहा. कबड्डींत चढाई करणारा खेळाडू सेकंदास सहा मीटर गतीनें झेपावला, आणि कॅमेऱ्याचें शटर एका सेकंदाचा साठावा भाग उघडें राहिलें, तर तेवढ्यांत तो दहा सेंटिमीटर सरकतो. चित्रांत हाताच्या जागीं धुकें उमटतें. शटर एक सहस्रांश सेकंदच उघडलें, तर तो सहा मिलिमीटरच सरकेल व चित्र रेखीव येईल. परंतु तेवढ्या अवधींत त्या मंद उजेडांतून कॅमेऱ्यास पुरेसें अन्न मिळत नाहीं. हल्लींच्या यंत्रांची ग्रहणशक्ति वाढवितां येते खरी, पण मग चित्र दाणेदार होतें. म्हणून फ्लॅशचा दिवा.

या दिव्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. १८५१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट यानें 'टाइम्स' वृत्तपत्राचा एक कागद फिरत्या चाकावर चिकटविला, खोलींत अंधार केला, आणि लेडन बरण्यांत सांठविलेल्या विजेची एकच ठिणगी पाडून त्या कागदाचें छायाचित्र घेतलें. चाक वेगानें फिरत होतें, तरी चित्रांतील अक्षरें स्पष्ट उमटलीं. पुढें १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची चूर्णमिश्रित भुकटी निघाली. तिचा भडका होई, धूर होई, आणि प्रसंगीं वापरणाराचे हातही भाजत. १९३० च्या सुमारास कांचेच्या गोळ्यांत धातूचा पातळ पत्रा किंवा तार भरलेले बल्ब आले. आपल्या देशांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें, त्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) कामास लागल्या, तो या बल्बांचा काळ. बल्ब एकदांच पेटे व निकामी होई. ज्यानें त्यानें आपल्या पिशवींत आपले बल्ब बाळगावे, असा रोकडा व्यवहार होता. १९३१ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील हॅरोल्ड एजर्टन यानें पुन्हां पुन्हां लखलखणारा विजेचा दिवा सिद्ध केला, आणि टॉलबटची ठिणगी कांचेच्या नळींत कायमची राहावयास आली. आजचा फ्लॅश हा त्याच घराण्यांतला.

याच्या पोटांत कपॅसिटर नांवाचा भाग असतो. बॅटरी त्यांत वीज हळूहळू भरते, आणि कळ दाबतांच ती सर्व वीज झेनॉन वायु भरलेल्या नळींतून एकदम वाहून जाते. मध्यम आकाराच्या फ्लॅशमध्यें सुमारें ६० ज्यूल ऊर्जा सांठते. एक किलो वजन एक मीटर उचलण्यास सुमारें १० ज्यूल लागतात, म्हणजे ही ऊर्जा सहा किलो ज्वारीची पिशवी मीटरभर उचलण्याइतकीच. कोणासही ती क्षुल्लक वाटेल. परंतु ती एका सहस्रांश सेकंदांत खर्च होते, म्हणून तेवढ्या क्षणापुरती तिची शक्ति ६०,००० वॅटची होते. आणि मग कोठार रिकामें. तें पुन्हां भरण्यास दोन-तीन सेकंद, बॅटरी थकलेली असल्यास सात-आठ सेकंदही लागतात. (जातां जातां सांगून ठेवतों, कीं दिवा बंद केल्यावरही या कपॅसिटरमध्यें शेंकडों व्होल्टची वीज शिल्लक असूं शकते, कुतूहलानें तो उघडणें प्राणावर बेतेल.)

दहा कुमारींचा दाखला शिकवितांना जवळ जवळ दरवर्षीं कोणी तरी विद्यार्थी विचारतो, कीं शहाण्या कुमारींनीं आपल्यांतलें थोडें तेल दिलें असतें तर काय बिघडलें असतें? शेजारधर्म शिकविणाऱ्या ग्रंथांत हा कोरडा नकार कसा? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस अडवीत असे. फ्लॅशच्या दिव्यानें मला त्याचें निदान अर्धें उत्तर दिलें. उजेड वांटतां येतो, तेल मात्र वांटलें कीं कमी होतें. क्रीडागृहांत परक्याच्या दिव्यावर चित्र काढणारा मनुष्य आपण उजेड घेत आहों असें समजत असतो. वास्तविक तो तेल घेत असतो.

हे दिवे सामाईक कां होतात, हेंही पाहूं. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत क्षीण होतो. तीन मीटरांवर जेवढा पडतो त्याचा सोळावा भागच बारा मीटरांवर पडतो. म्हणून क्रीडागृहास मोठे दिवे लागतात. अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या मोठ्या क्रीडागृहांत ते छताखालच्या अरुंद वाटांवर, चार कोपऱ्यांशीं, पोलादी तारेनें जखडून लावतात. आपल्याकडे गॅलरीच्या कठड्यास शिकंजानें आवळतात. असे दिवे महाग, लावण्यास तास-दोन तास जातात, आणि प्रत्येकानें आपले दिवे टांगावे एवढी जागा नसते व संयोजकांची तयारीही नसते. शिवाय दोघांचे दिवे एकाच क्षणीं पेटले, तर दोघांच्याही चित्रांवर दुप्पट उजेड पडून तीं पांढरीं होतात. तेव्हां एकानें दिवे लावावे व इतरांनीं त्याच्या संमतीनें वापरावे, हाच मार्ग उरतो. कॅमेऱ्यावर एक लहान प्रेषक यंत्र आणि दिव्यापाशीं एक ग्राहक यंत्र असतें. दोहोंवर एकच चॅनेल, म्हणजे एकच आंकडा, लावला कीं कळ दाबतांच बिनतारी संदेश जाऊन दिवा पेटतो. दिवा मालक ओळखीत नाहीं. ज्याच्या यंत्रावर तो आंकडा असेल, त्याच्या बोटास तो वश.

सोलापूरकरांस हें चट्कन समजावें. आपल्या शहरांत नळाचें पाणी कित्येक वर्षें दिवसाआड किंवा त्याहूनही अधिक दिवसांनीं येत आलें आहे. नळ सर्वांचा, नळी एकच. एखादा शेजारी आपल्या तोटीस विजेची मोटर लावून पाणी ओढून घेतो, तेव्हां त्यानें कोणाच्या घरांत शिरून घागर पळविलेली नसते. तरीही पुढच्या घरांतली बाई कोरड्या तोटीखालीं हंडा लावून बसते. एका दमांत आठ-दहा चित्रें काढणारा कॅमेरा सामाईक दिव्यावर लावणें, ही त्या मोटरीची सख्खी बहीण होय.

आतां माझा अनुभव. कांहीं वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरीं आंतरशालेय कबड्डीचे सामने होते. आमचा संघ उपांत्य सामन्यांत हरला होता, तरी मुलींचा अंतिम सामना पाहण्यास आम्ही थांबलों होतों. तेथें एका वृत्तपत्रासाठीं काम करणारे छायाचित्रकार आले होते. पगारी नव्हते, जेवढीं चित्रें छापलीं जात तेवढ्यांचा मोबदला त्यांस मिळे. संयोजकांची व पंचांची परवानगी घेऊन त्यांनीं गॅलरीच्या दोन कोपऱ्यांस आपले दोन दिवे लावले होते. मीं विनंती केली, तेव्हां त्यांनीं आनंदानें चॅनेलचा आंकडा सांगितला. अट एवढीच घातली: "सर, एका चढाईंत एकच फोटो घ्या, आणि शेवटचीं पांच मिनिटें माझ्यासाठीं सोडा." मीं मान डोलावली. पहिला डाव आणि दुसऱ्याचा बराच भाग मीं ही अट पाळलीही.

शेवटचा मिनिट उरला, दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि एक सडपातळ मुलगी चढाईस गेली. तिनें एकीस स्पर्श केला तोंच चौघींनीं तिचा पाय धरला. ती पालथी पडली आणि मध्यरेषेकडे सरपटूं लागली. सारें क्रीडागृह उभें राहिलें. माझ्या बोटानें कळ केव्हां दाबली, एकदां कीं तीनदां, हें मला त्या वेळीं कळलें नाहीं. शिट्टी झाली, मुलगी जिंकली, गर्दी ओरडूं लागली. आणि ते गृहस्थ कॅमेरा खालीं करून त्याचा पडदा माझ्यापुढें धरून उभे राहिले. चित्र काळें होतें. निरखून पाहिलें तेव्हां त्या काळोखांत मध्यरेषेचा एक पांढुरका तुकडा आणि त्यावर टेकलेलीं तीन बोटें तेवढीं दिसलीं. "सर, आजचं काम गेलं," एवढेंच ते म्हणाले. आवाजही चढविला नाहीं.

माझीं तीन चित्रें मीं नंतर पाहिलीं. पहिलें उत्तम होतें, पण त्यांत मुलगी नुकती स्पर्श करीत होती. हजार चढायांत दिसतें तसलें तें चित्र. दुसरें अर्धवट अंधारांत, तिसरें त्याहून अंधारें. म्हणजे कोठारांतलें सर्व तेल मीं नको त्या क्षणीं ओतलें, उरलेले थेंब दोन निरुपयोगी चित्रांत शिंपडले, आणि ज्या क्षणासाठीं तो मनुष्य सकाळपासून दिवे बांधून बसला होता, त्या क्षणीं दिव्यांत कांहीं उरलें नव्हतें. मला लाभ शून्य, त्याची हानि पूर्ण. थोड्या वेळानें त्या मुलीची आई आमच्याकडे आली व म्हणाली, "पोरीचा हात रेषेला लागल्याला फोटो हाय का हो कुणाकडं?" आम्ही दोघेही गप्प राहिलों. मीं केलें असें त्यांनीं तिला सांगितलें नाहीं, आणि मलाही तें सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. हें दुसरें अपयश मला पहिल्याहून अधिक टोचतें.

यावरून जे नियम मीं माझ्यापुरते बांधले आहेत, ते बव्हंशीं कसलेल्या छायाचित्रकारांत पूर्वीपासून पाळले जातातच. दिव्याच्या मालकास खेळ सुरू होण्यापूर्वी, तो दिवे लावीत असतांनाच भेटावें. शिडी धरावी, तारा गुंडाळाव्या, मग विचारावें. चॅनेलचा आंकडा एकेक करून पाहून शोधून काढणें ही चोरीच आहे, मग तिला कोणी हुशारी म्हणो. कॅमेरा एका दाबास एकच चित्र घेईल असा लावून ठेवावा. बोटावर विश्वास ठेवूं नये. चांचणीचें चित्र घ्यावयाचें तें विश्रांतीच्या वेळीं व मालकास सांगून घ्यावें. दिव्याचें तोंड किंवा जोर तर कधींच बदलूं नये. कारण बाकीच्यांनीं आपापलीं यंत्रें त्या उजेडाच्या हिशेबानें लावलेलीं असतात, आणि तुमच्या एका वळणानें चौघांचीं चित्रें बिघडतात. काम संपल्यावर प्रेषक यंत्र बंद करून मगच पिशवींत टाकावें. पिशवींत कळ दाबली जाऊन वर गॅलरींत दिवा पेटल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. बॅटरीच्या खर्चाची वर्गणी न मागतां द्यावी. आणि मालकाचा क्षण हुकला व तुमचा साधला, तर तें चित्र त्याच्यापुढें आपण होऊन ठेवावें.

मालकाचेंही कांहीं कर्तव्य आहे. पुष्कळजण भिडेखातर "घ्या, घ्या" म्हणतात व मागाहून कुरकुरतात. हें बरें नव्हे. किती चित्रें, कोणत्या वेळीं, हें आरंभींच स्वच्छ सांगावें. आणि द्यावयाचे नसतील तर नाहीं म्हणावें. आपल्या समाजांत नाहीं म्हणणें उद्धटपणाचें समजतात, म्हणून तर अर्धे तंटे होतात. वर सांगितलेल्या कुमारींनीं तें बोलून दाखविलें, हा त्यांचा एक गुणच मला अलीकडे वाटूं लागला आहे.

पालकांसाठीं दोन शब्द. स्नेहसंमेलनांत किंवा सभागृहांतल्या सामन्यांत नेमलेल्या छायाचित्रकाराचे बाजूचे दिवे कधीं कधीं बिनतारी संदेशावर न चालतां प्रकाशावर चालतात. मुख्य फ्लॅशची लखलख दिसली कीं तेही पेटतात. अशा दिव्यांस कोणाचीही लखलख सारखीच. तुम्हीं मागच्या रांगेंतून आपल्या लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश पाडला, तर ते पेटून रिकामे होतात, आणि दुसऱ्याच क्षणीं पारितोषिक घेणारें तुमचेंच मूल त्याच्या चित्रांत अंधारांत राहतें. डोळ्यांतील लाली घालविण्यासाठीं कांहीं कॅमेरे आधीं दोन-तीन बारीक लखलखाट करतात, त्यांनींही हेंच होतें. मोबाइलचा दिवा सहसा इतका जोरकस नसतो; तथापि तो हातभर उंच धरल्यानें मागच्यांस जो त्रास होतो तो वेगळाच.

खेळाडूंचा हक्क या सर्वांच्या वरचा आहे, तो कोणी सांगावयास नको. बॅडमिंटन, टेबल टेनिस, जिम्नॅस्टिक्स यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फ्लॅशला मनाईच असते. फुलावर किंवा चेंडूवर खिळलेली दृष्टि त्या लखलखाटानें विचलित होते. २०१४ सालीं मुंबईंत वरळीच्या क्रीडागृहांत प्रो कबड्डीचे पहिले सामने झाले, तेव्हांपासून मातींतला हा खेळ झगझगीत स्थिर दिव्यांखालीं आला. ते दिवे दूरचित्रवाणीसाठीं टांगलेले असतात आणि छायाचित्रकार त्यांच्याच उजेडांत काम करतात. तेथें दिव्याच्या पाळीचा प्रश्नच उरत नाहीं. आपल्या गांवोगांवच्या क्रीडागृहांत मात्र हा प्रश्न अजून कांहीं दिवस राहणार. तेथेंही छतावरील जुन्या पद्धतीचे मेटल हॅलाइड दिवे असतील तर एक जपावें: प्रयोग म्हणून कोणी ते बंद केले, तर ते थंड होऊन पुन्हां पेटण्यास व पूर्ण तेजावर येण्यास दहा-पंधरा मिनिटें घेतात, आणि तेवढा वेळ सामना खोळंबतो. बटणाला हात लावण्यापूर्वी तेथल्या शिपायास विचारावें. त्याला हें पुरतें ठाऊक असतें.

त्या छायाचित्रकारांची व माझी पुढच्या वर्षीं पुन्हां गांठ पडली. मीं शिडी धरली. दिवे आवळून झाल्यावर त्यांनीं न विचारतांच चॅनेलचा आंकडा सांगितला. शेवटच्या पांच मिनिटांविषयीं कांहींच म्हणाले नाहींत. सामन्याचीं पांच मिनिटें उरलीं तेव्हां मीं कॅमेऱ्यावरचें प्रेषक यंत्र काढलें, त्यांतील दोन्ही सेल काढून वेगळ्या खिशांत ठेवले, आणि उरलेला खेळ नुसत्या डोळ्यांनीं पाहिला.